लवू सरांचा गृहपाठ

माझ्या आईला माझा धंदा अजून कळलेला नाही. वर्सोव्याच्या बाजारात तिने उभा जन्म मासळी विकली, आणि तिचं गणित सरळ आहे. गिऱ्हाईक येतं, विचारतं, “कृष्णाबाई, आज काय घेऊ?” ही सांगून मोकळी होते, “सुरमई घे, पापलेटाला हात लावू नको, कालचं हाय.” मी काय करते? मोठमोठ्या कंपन्यांतले साहेब माझ्यासमोर बसतात, “मी काय करू?” म्हणून विचारतात, आणि मी म्हणते, “तुम्हाला काय वाटतं?” आई म्हणते, “गो कल्पिता, उत्तर नाय द्यायचं म्हणून कंपनी तुला पोसते?” आणि शेजारणीला हाक मारून हेच परत सांगते. मग दोघी हसतात.

मी चिडते. पण तिला काय सांगणार, कप्पाळ? एक्झिक्युटिव्ह कोचने सल्ला द्यायचाच नसतो. सल्ला देतो तो कन्सल्टंट. कोच प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. समोरच्याला त्या शांततेत अवघडायला होतं, तो आत जातो, स्वतःचं उत्तर स्वतः काढतो. हे आम्हाला शिकवलेलं असतं, त्याचे तास भरावे लागतात, वरून कोणीतरी आमचं गप्प बसणंसुद्धा तपासतं. मी यात चांगली आहे. निदान गेल्या महिन्यातल्या त्या गुरुवारपर्यंत मला तसं वाटत होतं.

ज्याची गोष्ट सांगतेय त्याला लवू सर म्हणते. खरं नाव वेगळं आहे, आणि कंपनीचं नाव तर मी मेले तरी सांगणार नाही. गोठवलेले मटार, कोळंबी, आइस्क्रीम असलं सगळं साठवणारी कंपनी. ऑफिस पवईला, काचेचं, खाली कॉफीचं दुकान. प्लांट चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, आणि प्लांटच्या भिंतीला लागून चारकोपच्या सेक्टरमधली, लोकवस्तीची घरं, वाळत घातलेले कपडे, सायकल चालवणारी पोरं. लवू सर या प्लांटचे हेड. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः रात्रशाळेत शिकून पुढे आलेले.

मला आणलं मानसीने. मानसी तिथली एचआर हेड आणि माझी जुनी मैत्रीण.

“माणूस सोन्यासारखा आहे गं,” ती म्हणाली. “पण काही सोडतच नाही. सगळीकडे स्वतः उभा. हाताखालच्या माणसांना विचारलं आम्ही, सगळे तेच बोलतात, सर विश्वास टाकत नाहीत. वरच्यांना त्याला सगळ्या प्लांटचा हेड करायचंय. तू जरा त्याला सोडायला शिकव. झालं तर झकास.”

“आणि नाही झालं तर?”

“नाही झालं तर वय झालंय ना यार त्याचं.”

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. आमच्या धंद्यात असं बोलणं रोजचं आहे.

पहिल्याच बैठकीला लवू सर पवईच्या ऑफिसात आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या टोकावर बसले. मी आत आले की उठून उभे राहायचे, दोन्ही हात जोडून नमस्कार करायचे. वयाने माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे, आणि मला मॅडम म्हणायचे. मी त्यांना समजावून सांगितलं की इथे बोललेलं इथेच राहतं, मी कंपनीला रिपोर्ट देत नाही, फक्त बैठका झाल्या एवढं कळवते. त्यांनी मान डोलावली. “हो मॅडम, बरोबर आहे मॅडम.” चहा विचारला तर नको. पाणी विचारलं तर नको. मला वाटलं, लाजरा माणूस आहे, उघडेल हळूहळू.

आणि उघडलेही. तिसऱ्या बैठकीत ते तेलाबद्दल बोलले.

थंडी करायला मोठ्या प्लांटमध्ये अमोनिया वापरतात, हे मला माहीत होतं. कॉम्प्रेसरमधलं तेल थोडं थोडं त्या अमोनियात जातं, आणि टाकीच्या तळाशी साठतं, हे त्यांनी सांगितलं. दर आठवड्याला ते तेल खालच्या व्हॉल्व्हमधून बादलीत काढायचं. “तेल संपलं की मॅडम, मागून अमोनियाच येतो. म्हणून तेव्हा मी स्वतः तिथे उभा राहतो. व्हॉल्व्हवर हात ठेवून.”

“दर आठवड्याला?”

“हो मॅडम.”

“प्लांटचे हेड असून?”

ते जरा हसले. मी प्रश्न पुढे नेला. “तुम्ही नाही उभे राहिलात तर काय होईल?”

“काहीतरी होईल.”

“हे कशावरून? कधी झालंय का असं काही?”

इथे लवू सर गप्प झाले. मीही गप्प बसले. बाहेर कोणाचा तरी फोन वाजून थांबला. ते टेबलाकडे बघत राहिले, बोट एकदा उचललं, परत ठेवलं. मी हलले नाही. मनात म्हटलं, कल्पिता, आता बोलायचं नाही, माणूस आत चाललाय.

शेवटी ते म्हणाले, “नाही मॅडम. तसं काही नाही झालेलं.”

“मग ही भीती कोणाची आहे?”

“माझीच असेल.”

बस्स! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमच्या भाषेत याला म्हणतात, माणसाचे पाय बांधून ठेवणारी समजूत. पुरावा नसलेली भीती, बापाच्या गिरणीतून आलेली, आपण नसलो तर सगळं कोसळेल अशी. आणि अशा समजुतीवर उपाय म्हणजे दोन बैठकांच्या मधे करायचा एक छोटा प्रयोग. गृहपाठच म्हणा. मी विचारलं, तुम्ही काय करून बघाल? त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि माझ्या तोंडावर जे असेल ते वाचून म्हणाले, “येत्या गुरुवारी मी प्लांटरूममध्ये जात नाही. सुयोग बघेल. फोनपण बंद ठेवतो, म्हणजे मधे मधे विचारणार नाही.”

सुयोग म्हणजे त्यांचा डेप्युटी. मी म्हटलं, वा. कल्पना त्यांची होती, मी सुचवलीसुद्धा नव्हती. घरी जाताना मी रिक्षात गुणगुणत होते, हे आठवलं की आता अंगावर काटा येतो.

तर तो गुरुवार. दुपार उलटली होती. मी गोरेगावला लिंक रोडवरच्या एका कंपनीत दुसऱ्या बैठकीसाठी गेले होते, ती लवकर आटोपली. खाली चहा घेता घेता म्हटलं, सुयोगला फोन करू. कोचिंग अर्ध्यावर आलं की हाताखालच्या माणसाला विचारायची पद्धत आहे, काही फरक दिसतोय का म्हणून.

“खूप फरक मॅडम!” सुयोग खुशीत होता. “सर आता दोन दोन मिनिटांनी विचारत नाहीत. मोकळं वाटतं एकदम.”

“छान. आणि आज तेल तुम्ही काढणार ना? कसं वाटतंय?”

“तेल? नाही मॅडम, मी तर घाटकोपरला आहे. एका गिऱ्हाइकाकडे. तेल आमचा ऑपरेटर खंडू काढेल. सर आहेत की तिथे.”

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. “सर नाहीत. सरांनी आज तुमच्यावर सोपवलंय.”

“माझ्यावर? मला सर फक्त म्हणाले, आज तेलाकडे लक्ष ठेव. मी म्हटलं हो. ते असतातच ना मॅडम. गेल्या कित्येक महिन्यांत ते नाहीत असं झालंच नाही.”

आता ही गंमत बघा. वरचा म्हणतो खालचा बघेल, खालचा म्हणतो वरचा आहेच. मी त्याला कसंबसं शांत आवाजात विचारलं, “खंडू एकटा काढू शकत नाही का?”

“काढतो की. हुशार आहे. फक्त त्याला एक सवय आहे.” सुयोगचा आवाज बारीक झाला. “व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल येईपर्यंत दुसरं काहीतरी करायला जातो. तेल घट्ट असतं, वेळ लागतो. आणि आमचा व्हॉल्व्ह जुना आहे मॅडम, उघडला की उघडाच राहतो. नवीन असतात त्यांना स्प्रिंग असते, हात सोडला की आपोआप बंद. सरांनी किती वेळा मागितला. वरून सांगतात, वार्षिक शटडाऊनला बसवू.”

“पण कधी काही झालेलं नाही ना?”

“मॅडम, हे कुठे बोलू नका. दिवाळीच्या आधी झालं होतं. खंडू बाजूला गेला, तेल संपलं, गॅस सुटला. सर कुठून पळत आले देव जाणे, तोंडाला ओला रुमाल लावून आत शिरले आणि बंद केला. कोणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर खंडूची नोकरी गेली असती. त्याला दोन लहान मुली आहेत. तेव्हापासून सर हात काढतच नाहीत.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ‘कधी झालंय का?’ असं मी विचारलं होतं, आणि तो माणूस टेबलाकडे बघत बसला होता. खंडूचं नाव घ्यावं की नाही याचा विचार करत. आणि मी मेली समजत होते की तो आत चाललाय.

“तेल कधी काढतात?”

“संध्याकाळची पाळी आली, त्यांचा चहा झाला की. आता होईलच.”

मी ओरडले, “मग फोन लावा ना तिथे! कोणालाही लावा!” तो म्हणाला लावतो, आणि फोन ठेवला.

मी लवू सरांना लावला. बंद. असणारच, माझ्याच समोर ठरलं होतं. परत लावला, परत तीच बाई तेच बोलली. मग प्लांटच्या गेटवर लावला. सिक्युरिटीवाल्याने उचलला.

“लवू सर आहेत का?”

“साहेब नाहीत. घरी गेले.”

“नक्की?”

“नक्की. साहेबांनीच सांगितलंय, कोणी विचारलं तर नाहीत म्हणून सांग.” मग त्याचा त्यालाच संशय आला. “आपण कोण?”

“मी त्यांची कोच.”

“कसली कोच?”

“अहो, ते सोडा! प्लांटरूममध्ये जा आणि खंडूला सांगा, तेल काढू नको. आज तेल काढायचंच नाही. ऐकलंत का?”

“गेट सोडून जाता येत नाही मॅडम. आतला फोन कोणी उचलत नाही, मशीनचा आवाज असतो. आणि असं कोणाचंपण ऐकून मी काम कसं थांबवू? तुम्ही साहेबांशी बोला.”

कित्येक वर्षांत मी कोणाला ‘हे कर’ असं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा कोणी ऐकेना. मी रिक्षात बसले. म्हटलं, चारकोप, इंडस्ट्रियल इस्टेट, पळव. रिक्षावाला म्हणाला, पळवतो, पण रस्ता कुठे आहे मॅडम, मेट्रोखाली सगळं पॅक आहे. खरंच होतं. मालाडपर्यंत नुसत्या गाड्यांच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत बसले.

मला एवढी भीती पूर्वी कधी वाटलेली नाही. मी कोळ्याची पोर, बापाच्या होडीवर वादळात सापडलेली आहे, पण तेव्हा बाप सोबत होता आणि काय करायचं ते त्याला माहीत होतं. इथे ते कोणालाच माहीत नव्हतं. डोळ्यांसमोर ती भिंत येत होती, भिंतीपलीकडची घरं, कपडे, सायकलवाली पोरं. अमोनिया डोळ्यांत गेला तर काय होतं हे मी तिथेच मोबाइलवर वाचलं. वाचायला नको होतं. फायर ब्रिगेडला लावू का? काय सांगू त्यांना, एक माणूस व्हॉल्व्हवर हात ठेवायला विसरेल अशी मला भीती वाटते? कधी झालंय का असं, ते विचारतील.

मानसीला फोन केला. सगळं सांगितलं, खंडूचं नाव तेवढं गाळून. तिचा आवाजच बदलला.

“कल्पू, तो व्हॉल्व्ह मागितलाय आणि आम्ही दिला नाही, हे त्याने तुला सेशनमध्ये सांगितलं?”

“नाही गं! तो एक शब्द बोलला नाही!”

“बरं झालं. हे बघ, तू हे कुठे लिहू नकोस. आणि तू तिथे जाऊ नकोस, प्लीज. काही झालं तर तू तिथे का होतीस हे कोणाला सांगणार?”

“मानसी, आग लागो तुझ्या ‘का’ला,” मी म्हटलं आणि फोन बंद केला.

पण तिचा एक शब्द डोक्यात राहिला. सेशनमध्ये तो बोलला का? नाही बोलला. का नाही बोलला? कंपनीने आणलेल्या बाईसमोर कंपनीची तक्रार कोण करेल? खंडूचं कोण सांगेल? मी म्हटलं होतं की इथलं इथेच राहतं, आणि त्याने मान डोलावली होती. तशी तो सगळ्यालाच डोलावत होता. ‘माझीच असेल’ म्हणाला तेव्हाही. मला हवं होतं ते त्याने माझ्या तोंडावर वाचलं आणि उचलून माझ्या हातात दिलं. तो माणूस पहिल्या दिवसापासून मला घाबरत होता. एवढी साधी गोष्ट, कोणत्याही शेंबड्या पोराला कळली असती, आणि ती मला रिक्षात बसल्यावर कळली. इतका राग आला स्वतःचा की मी स्वतःच्याच मांडीवर फटका मारला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

सुयोगचा फोन आला. कोणी उचलत नाही म्हणाला. तोही निघाला होता, पण घाटकोपरहून येणार कधी.

चारकोपच्या नाक्यावर रिक्षा अडकली तशी मी उतरले आणि पळाले. इस्टेटच्या गल्लीत शिरले. वास येतोय का? मी नाकाने हवा ओढत पळत होते. गल्लीत वडे तळणाऱ्याचा वास, गटाराचा वास, तेवढेच. सेक्टरच्या घरांसमोर पोरं खेळत होती. एक म्हातारी पायरीवर बसून लसूण सोलत होती. म्हणजे अजून काही झालं नव्हतं, किंवा आत्ता होणार होतं.

गेटवरचा माणूस मला अडवायला पुढे आला. माझं तोंड बघून थबकला. मी विचारलं, “प्लांटरूम कुठे?” त्याने नकळत मागे हात केला. मी धावले, तो मागून “मॅडम, मॅडम, थांबा, साहेब रागावतील” करत. कोणते साहेब हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. लोखंडी दार उघडंच होतं. मी आत गेले.

आवाज असा की छातीत धडधडतो. मोठमोठे हिरवे कॉम्प्रेसर, पांढरा बर्फ चढलेले पाइप, आणि कोपऱ्यात खाली, टाकीच्या पोटाशी, एक माणूस वाकून उभा. तोंडावर मास्क. एक हात व्हॉल्व्हवर. खाली बादलीत काळं तेल पडत होतं. जरा लांब, दाराच्या बाजूला, दुसरा माणूस दुसरी बादली घेऊन येत होता, तो खंडू असणार. आणि जो वाकला होता त्याचा तो कडक इस्त्रीचा शर्ट मी कुठेही ओळखला असता.

आले होते! गृहपाठ मोडून आले होते, फोन बंद ठेवून, गेटवर खोटं सांगायला लावून, चोरासारखे आपल्याच प्लांटमध्ये. जिवात जीव आला, इतका की मी रडायला लागले, आणि रडत रडत हाक मारली, “लवू सर!”

का मारली? न मारता उभी राहिले असते तर काय बिघडलं असतं? एवढी गप्प बसायला शिकलेली बाई, आणि तेव्हाच तोंड उघडलं.

त्यांनी वर बघितलं. मी दारात उभी आहे हे त्यांना दिसलं. मास्कच्या काचेतून त्यांचे डोळे मला नीट दिसले नाहीत, पण त्यांचं अंग दिसलं. परीक्षेत कॉपी करताना मास्तर समोर यावा तसे ते सरळ झाले. व्हॉल्व्हवरचा हात सुटला. मॅडमशी झाकल्या तोंडाने कसं बोलायचं, म्हणून त्याच हाताने मास्क खाली ओढला. दोन पावलं मागे सरकले, आपण तिथे नव्हतोच असे. आणि दोन्ही हात जोडले.

“मॅडम, मी फक्त सहज बघायला...”

“हात!” मी किंचाळले. “हात ठेवा! व्हॉल्व्ह! व्हॉल्व्ह!”

मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कान पुढे केला. मान वाकवून, अदबीने, मॅडम काय विचारतात ते ऐकायला.

बादलीत पडणारं तेल फुत्कारलं. फस्स करून पांढरा धूर उठला आणि त्यात लवू सर कमरेपर्यंत दिसेनासे झाले. वास नाही, नाकात सुरी खुपसावी तसं काहीतरी माझ्यापर्यंत आलं आणि माझे डोळे मिटले. कोणीतरी मला दंडाला धरून मागे ओढलं, तो गेटवाला. मी ऐकलं ते लवू सरांचं ओरडणं. “खंडू, मागे हो! मेल्या, मागे हो, तू येव नको!” मग खोकला. मग काहीच नाही, नुसते कॉम्प्रेसर. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, आणि फुत्कार थांबला.

खंडूने त्यांना बाहेर आणलं. ते चालत होते, पण डोळे घट्ट मिटलेले, तोंड लाल, उजवा हात पुढे धरलेला, त्या हाताची कातडी पांढरी पडलेली. अंगणात पाण्याचा पाइप होता. खंडूने त्यांना खाली बसवलं आणि डोळ्यांवर पाणी सोडलं. पापण्या बोटांनी उघडून धरत होता आणि स्वतः हुंदके देत होता. गेटवाला ॲम्ब्युलन्सला फोन करत होता. भिंतीपलीकडे पोरांचा खेळ चालूच होता, तिकडे काही गेलं नव्हतं.

“माका कायच दिसना नाय रे खंडू,” लवू सर हळूच म्हणाले.

“दिसेल साहेब. पाणी मारतोय ना. दिसेल.”

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. माझे स्वतःचे डोळे झोंबत होते. म्हटलं, “लवू सर, मी आहे. कल्पिता.”

मिटल्या डोळ्यांनीच ते उठायला लागले. खंडूने खांद्याला धरून खाली बसवलं.

“सॉरी मॅडम,” ते म्हणाले. आवाज घोगरा, शब्दाशब्दाला खोकला. “प्रयोग मोडला मी. आजच आलो, देवाशपथ, पहिल्यांदाच. पुढच्या गुरुवारी नाही येणार. नक्की नाही येणार.”

“या,” मी म्हणाले. “अहो, या तुम्ही. दर गुरुवारी या. हात काढू नका कधी. तुमचंच बरोबर होतं. मी चुकले. मी सांगतेय तुम्हाला, मी चुकले.”

तोंडावरून पाणी वाहत होतं. मान जराशी माझ्या आवाजाकडे वळवली, आणि कपाळावर तीच आठी आली जी पवईच्या त्या खोलीत टेबलाकडे बघताना यायची. ते विचार करत होते. मी म्हणाले त्याचा नव्हे, मी ते का म्हणाले असेन याचा. मी त्यांचा चांगला हात धरला.

“मॅडम,” ते शेवटी म्हणाले, “तुम्हाला नेमकं काय उत्तर पाहिजे ते सांगा. मी तेच देतो.”